तिघांच्या दगडाचं पुष्पचक्र

नाही, पण मला सांगा, माणूस बटाटे सोलत असताना त्याला असली बातमी द्यायची असते का? साधा मंगळवार. चुलीवर पाणी उकळतंय, बटाटे दोनच, कारण आता दोनच पुरतात, हातात सुरी, आणि फोन वाजतो. तूरिल! तूरिल म्हणजे आमच्या यंदाच्या सतरा मेच्या समितीची अध्यक्ष. आमच्या खोऱ्यात राष्ट्रीय दिनाचं सगळं काम चौथीच्या पालकांच्या गळ्यात पडतं, मिरवणूक, आइस्क्रीम, सॉसेज, भाषणं, सगळं, आणि तूरिलची मुलगी यंदा चौथीत. तर ती म्हणते, "अहो हालवर, यंदा दगडापाशी लवकर यायची काही गरज नाही हं. पुष्पचक्राचं आम्ही बघतो. गुनवोर गेली, तुम्ही एकटे... म्हटलं, तुम्हाला त्रास नको."

त्रास नको!

तुम्हाला सांगतो, वर्षभरात मला कुणी हाक मारावी असं एकच काम होतं हो! चर्चजवळ तो तिघांचा दगड आहे ना, अठराशे चौदा साली आपल्या खोऱ्यातून राज्यघटना लिहायला गेलेले तिघे, एक शेतकरी, एक पाद्री, एक हवालदार, त्यांची नावं कोरलेला, त्याला वर एक लोखंडी खुंटी आहे. माझी बायको गुनवोर दरवर्षी बर्च झाडाच्या कोवळ्या डहाळ्या वळवून चक्र करायची, त्यात रानातली पांढरी फुलं खोचायची, आणि मी ते खुंटीवर टांगायचो. टांगलं की ती खालून ओरडायची, "अरे हालवर, डावीकडे कलंडलंय!" बँडपथक ताटकळतंय, झेंडा अर्ध्यावर, आणि हिचं आपलं डावीकडे, उजवीकडे... मग मी म्हणायचो, "अगं, ते तिघे काही तक्रार करणार नाहीत!" दरवर्षी हेच. लोक हसायचे. आणि मी फोनवर तूरिलला काय म्हटलं असेल? "फार आभार, किती विचार करता तुम्ही लोक!" ...बटाट्यांचा पार लगदा झाला त्या दिवशी.

आणि हे तूरिलचंच नाही हं! जानेवारीपासून अख्खं खोरं माझा विचार करतंय. शेजारचा ओद्वार माझ्या दारातला बर्फ काढून जातो, मी उठायच्या आत. त्याला कॉफीला बोलवावं म्हणून दार उघडतो तर नुसते फावड्याचे ओरखडे. कुणीतरी पायरीवर केक ठेवून जातं, फडक्यात गुंडाळलेला, घंटा न वाजवता. घंटा वाजवली तर मला उठावं लागेल ना! दुकानात मी ब्रेडच्या फळीपाशी दिसलो की माणसं चीजच्या फळीकडे वळतात. का? त्रास नको! अहो, द्या की थोडा! चमचाभर द्या!

बरं, सोळा तारखेला करायला काही नव्हतं, म्हणून सहज रानात गेलो. सहज हं! सहजच चार डहाळ्या तोडल्या, स्वयंपाकघरात बसून वळवून बघितल्या. पहिलं चक्र अंड्यासारखं झालं. दुसरं... दुसरं बरं झालं हो. जरा जाड, पण गोल. फुलं खोचली, पाणी शिंपडलं, आणि सकाळी गाडीत मागच्या सीटवर ठेवलं, वर घोंगडी. उगाच. असू दे म्हणून.

आणि तो सणाचा पोशाख! चांदीची बटणं लावली, मोजे चढवले, पण गळ्याशी जी चांदीची गुंडी असते ना, ती ज्यानं शोधून काढली त्यानं बायको गृहीत धरलेली आहे! आरशात डावं ते उजवं, बोटं जाडी, गुंडी दोनदा कपाटाखाली. शेवटी वाकडीच लावली आणि निघालो. यायची गरज नाही म्हणाली होती, येऊ नका असं कुठे म्हणाली होती?

दगडापाशी सगळे जमलेले. मला बघून जरा जरा बाजूला सरकले, आदरानं! माझ्याभोवती एक मोटार उभी राहील एवढी जागा. तूरिलची नजर माझ्या गुंडीवर गेली. हात वर आला तिचा, खरंच आला, अर्ध्यापर्यंत... आणि गेला परत खिशात. कळलं मला. त्रास नको.

झेंडा चढला, बँड वाजला, मुख्याध्यापक स्टाइनार घसा खाकरून म्हणाले, "आता आपण या तिघांना पुष्पचक्र अर्पण करू." स्टाइनार तूरिलकडे बघतात, तूरिल ओद्वारकडे, ओद्वार बुटांकडे. स्टाइनार म्हणाले, "मला वाटलं तू आणलंस!" "मी? तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन, म्हणून मी नेलेवर सोपवलं!" तूरिल म्हणाली. "मला कुणी सांगितलंच नाही!" समितीतली नेले मागून ओरडली. "अगं, तुला आधीच केकचं काम, म्हटलं तुला त्रास नको!" फुलवाल्याच्या दुकानात चक्र तयार, आणि दुकान सणाचं बंद! तुम्हाला सांगतो, ते तिघे बर्फातून घोड्यावर गेले, अनोळखी माणसांशी आठवडेच्या आठवडे तावातावानं भांडले, तेव्हा कुठे राज्यघटना झाली. तिथे जर त्यांनी एकमेकांना त्रास नको म्हणून तोंडं मिटली असती, तर आज आपण कोपनहेगनच्या राजाला कर भरत असतो!

आणि मग तूरिल आली. लालबुंद. अगदी कानाशी येऊन म्हणाली, "अहो हालवर... तुम्ही चुकून... तुमच्याकडे काही...?"

गाडी समोर होती हो. घोंगडीखालून एक डहाळी बाहेर आलेली मला इथून दिसत होती!

पण तिचा चेहरा बघितला. हो म्हणावं तर बिचारीला वाटेल, याला नको सांगितलं तरी हा रानात गेला, वाकला, एकट्यानं बसून वळत राहिला... सगळ्यांदेखत रडली असती. आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"नाही नाही! माझ्याकडे कुठून?"

स्टाइनार म्हणाले, "तर मग मनातूनच अर्पण करू." केलं. बँड वाजला, मंडळी आइस्क्रीमकडे गेली. मी जरा थांबलो, रिकाम्या खुंटीकडे बघत. नंतर टांगता आलं असतं. पण खालून बघून कलंडलंय की नाही ते सांगणार कोण?

संध्याकाळी पडद्याआडून बघितलं, तूरिल पायरीवर केक ठेवत होती. तिचं बोट घंटेपाशी गेलं. मी दाराच्या आत उभा, कडीवर हात. उघडलं असतं तर ओशाळली असती बिचारी. तिनं बोट मागे घेतलं, मी हात मागे घेतला. म्हटलं, तिला त्रास नको.

केक चांगला होता. अर्धा उरलाय.

चक्र अजून गाडीत मागच्या सीटवर आहे. टांगायचं राहिलं.