नारूची हाळी

डहाणूच्या नाक्यावर जीपची प्रतीक्षा करीत सुनिल उभा होता. त्याच्यापुढे वरोरचे एक वयोवृद्ध मच्छीमार दांपत्य होते. नारूकाकांच्या अंगात काळा टीशर्ट होता व त्यावर भलीमोठी गिटार छापलेली होती.

“या वयात हे ध्यान! गाव हसेल तुम्हाला.”

“हसू दे, हंसा. नातीने, रुपलने आपल्याला त्या रॉकवाल्यांच्या कार्यक्रमाला नेलं, तेव्हा मीपण हसलोच. म्हटलं, पिकल्या केसांचे म्हातारे कसले नाचतात! आता मोबाईलमध्ये त्यांचीच गाणी भरून घेतली.”

“शब्द तरी कळतात का?”

“नाही कळत. पण शेवटी त्या म्हाताऱ्याचा आवाज फाटला, बघितलंस? त्याने माईक लोकांपुढे धरला, नि लोकांनी गाणं उचललं.”

“मग तुम्हीच का गप? घशाच्या ऑपरेशनपासून होडी ओढताना हाळी देत नाय. पोरं मुक्याने ओढतात.”

“माझापण आवाज फाटतो गं.”

“फाटू दे. आम्ही उचलू.”

इतक्यात जीप आली, माणसांनी भरली, आणि काही केल्या सुरू होईना.

“उतरा मंडळी, धक्का मारा!” चालक म्हणाला.

सर्वांनी हात लावले, परंतु जीप तसूभरही हलेना. तोच सुनिलच्या शेजारून एक घोगरा स्वर उठला, “जोर लावा…” आणि मध्येच फाटला.

“हैय्या!” हंसाकाकी गरजल्या. पुढच्या खेपेला सुनिलसह सारी मंडळी गरजली. जीप धडधडत सुरू झाली.

“अवो, पुरे! चालू झाली ती. बसा आता!”

“थांब गं. आणखी एकदाच.”