गरम नळी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. बाबांच्या दहाव्याला रामकुंडावर कावळा पिंडाला शिवेना. त्यांची काहीतरी इच्छा राहिली म्हणून काका हात जोडून ओरडायला लागले, "दादा, पोराला परत कॉलेजात घालतो!" मी एमएस्सी सोडल्यापासून माझं तोंडही न बघणारा माणूस हा. मग आत्या, "त्याचं लग्न लावून देते रे!" माझ्या जिवावर वचनं वाटत सुटले सगळे. कावळे भिंतीवर गप्प बसलेले. आई मात्र माझ्याकडे बघून म्हणाली, "तूच काहीतरी अडकवून ठेवलंयस त्यांचं."

मला एकदम ती डबी आठवली. कॉलेजात असताना मी बाबांच्या रक्तातून डीएनए काढून त्याच्या धाग्याला घड्या घालून एक डबी बनवली होती. डोळ्यांना न दिसणारी, झाकण लावलेली. ती ज्या पाण्यात होती, त्याची नळी अजून लॅबच्या फ्रीजमध्ये होती.

बाजूला जाऊन लॅबमधल्या समीरला फोन लावला. "माझी नळी गरम कर. धागे सुटतात, डबी उघडते."

"वेडा झालास का?"

"कर रे."

थोड्या वेळानं तो म्हणाला, "नव्वद डिग्री झाली. उघडली असणार."

तेवढ्यात एक कावळा उतरला आणि थेट पिंडाला शिवला.

"बघितलंत? कॉलेजचं कबूल केलं म्हणून!" काका सगळ्यांना सांगत सुटले.

फोनवर समीर विचारत होता, "आता काय? गार झाली की डबी आपोआप परत मिटेल. बेसिनमध्ये ओतू?"

"नको," मी म्हणालो. "थर्मासात घाल आणि गरम आहे तोवर रामकुंडावर घेऊन ये."