‘अनेकदा’ म्हणजे किती वेळा?

...आणि वर त्या हॉस्पिटलातल्या खिडकीवरच्या बाई मलाच म्हणतात, "अहो, ‘अनेकदा’ म्हणजे अनेकदा! त्यात विचारायचं काय?" आता तुम्हीच सांगा, त्यात नाही विचारायचं तर कशात विचारायचं? फॉर्मवर प्रश्न काय, तर "अचानक झालेल्या आवाजाचा तुम्हाला त्रास होतो का?" आणि पुढे चार गोल. कधीच नाही, क्वचित, कधीकधी, अनेकदा. बरं, कधीकधी कुठे संपतं आणि अनेकदा कुठे सुरू होतं, हे कुठे छापलंय का? नाही! दिवसातून तीनदा म्हणजे कुठला गोल? अहो, माझं कामच वजनकाटे तपासायचं! बावीस वर्षं झाली. दुकानांतले, कारखान्यांतले, दवाखान्यांतले काटे माझ्या टेबलावर येतात, मी त्यांवर पितळी वजनं ठेवतो, तीही चिमट्याने, कारण हाताचा घाम लागला तरी वजन बदलतं, प्रत्येक वजन तीनदा ठेवतो, तीनदा आकडा लिहितो, आणि मगच शिक्का मारतो. आणि अशा माणसाला ह्या बाई म्हणतात, "अंदाजे गोल करा हो, मागे रांग आहे!"

अंदाजे! मी म्हटलं, बाई, फॉर्म घरी नेतो, मोजतो आणि आणून देतो. तीन आठवडे मोजलं. प्रश्न पन्नास, म्हणून वहीत पन्नास रकाने आखले, आवाजाने दचकलो की रेघ, कुणाचा विनोद कळला नाही की रेघ. ऑफिसात एकाने विचारलं, "काय लिहितोस रे सारखं?" तर त्याचीही रेघ, कारण ‘कामात व्यत्यय आल्यास चिडता का’ हा एकतिसावा प्रश्न होता. वही नेऊन दिली. बाईंनी वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाल्या, "तुम्हाला तपासणीची गरज आहे हे मला कळलंय हो, पण गोल करा!" केले. मी काही हट्टी माणूस नाही, तुम्हाला सांगतो. फक्त सोडणार नाही, एवढंच.

तुम्ही म्हणाल, चव्वेचाळिसाव्या वर्षी एवढं काय अडलं होतं? सांगतो ना. बायकोच्या ऑफिसातली मंडळी घरी आली होती चहाला. आल्या आल्याच म्हणाली, "सातला निघणार हं आम्ही, नक्की!" नक्की म्हणाली, लक्षात घ्या. मी सात वाजता उठलो, सगळ्यांच्या चपला दाराशी जोडीजोडीने लावल्या, दार उघडलं आणि म्हटलं, "सात वाजले." यात माझं चुकलं काय? वेळ त्यांची, घड्याळ भिंतीवरचं, मी फक्त दार उघडलं! तर ती मंडळी गेल्यावर बायको... "मुद्दाम केलंस तू हे! मुद्दाम!"

बघा, हा शब्द. मुद्दाम! जन्मभर ऐकतोय. शाळेतल्या बाई म्हणायच्या, "उत्तर येतंय याला, मुद्दाम गप्प बसतो." आई म्हणायची, "पाहुण्यांशी बोलत नाहीस, मुद्दाम आमची मान खाली घालतोस." साहेबांनी तर वार्षिक अहवालात लेखी दिलं, ‘काम अचूक. सहकाऱ्यांना मुद्दाम टाळतो.’ आणि खरं सांगू? इतक्या जणांनी इतक्या वर्षांत सांगितल्यावर मलाच शंका यायला लागली होती, की खरंच मी मुद्दाम तर करत नाही ना? मनातून वाईटच माणूस तर नाही ना मी? रडू यायचं हो कधीकधी. कधीकधी म्हणजे महिन्यातून दोनदा.

तर बायकोने त्या संध्याकाळी फोनवर काहीतरी शोधलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. "हे वाच! मोठ्या माणसांतला ऑटिझम. वीस खुणा दिल्यात, त्यातल्या सतरा तुझ्या आहेत!" मी वाचलं. म्हटलं, "अठरा. बारावी मोजायची तू विसरलीस." आणि मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला... बायको म्हणते, "अरे, मी चिडून दाखवतेय, आणि तू हसतोस काय?" म्हटलं, अगं बघ ना, वीसच्या वीस ओळी वाचल्या, यात मुद्दाम हा शब्द एकदाही नाही!

पण बायकोची यादी म्हणजे बिनशिक्क्याचा काटा. त्यावर कसं जायचं? त्याच रात्री... नव्हे, जेवायच्या आधीच ठरवलं, की ज्यांच्याकडे खरं माप आहे त्यांच्याकडून तपासून घ्यायचं. हो म्हणाले तर हो. नाही म्हणाले तर मुद्दाम करतो हे कबूल करायचं आणि सगळ्यांची माफी मागायची. माफीची यादीही तयार केली. एकेचाळीस माणसं.

पहिले आमच्या घरचे नेहमीचे डॉक्टर. ते खो खो हसले! "छे छे, तुम्हाला कसला ऑटिझम? लग्न झालंय, नोकरी आहे, माझ्या डोळ्यांत बघून बोलताय की!" मी म्हटलं, डॉक्टर, मी तुमच्या भुवईकडे बघतोय. डाव्या. तिथे एक केस आहे, तो बाकीच्यांच्या दुप्पट लांब आहे, मी आठ वर्षं त्याच्याशीच बोलतोय. त्यांनी लगेच चिठ्ठी लिहून दिली.

चिठ्ठी घेऊन मोठ्या हॉस्पिटलात गेलो, तर मोठ्यांसाठी सोयच नाही! ही तपासणी होते लहान मुलांच्या विभागात. गेलो. खुर्च्या माझ्या गुडघ्याएवढ्या, भिंतीवर उंची मोजायचा जिराफ, तोही दोन सेंटिमीटर वर चिकटवलाय, मी मोजला. आणि तिथेच ह्या खिडकीवरच्या बाई. "पेशंट कुठाय?" म्हटलं, मी. "तसं नाही हो, मूल कुठाय?" म्हटलं, मीच... होतो. बाईंनी कपाळाला हात लावला. मी त्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसून राहिलो. शेजारी एक आई आपल्या छोट्याला सांगत होती, "घाबरू नकोस, ते काका पण आलेत ना!" हसा, हसा! पण मी उठलो नाही. हट्ट नाही हो हा. सोडणार नव्हतो, एवढंच.

फॉर्म भरून झाला, तो तुम्हाला सांगितलाच. मग म्हणाल्या, "कळवू." आठ महिने वाट बघितली. आणि आठ महिन्यांनी काय आलं, तर पत्र! ‘आपणांस तीन वेळा दूरध्वनी करूनही प्रतिसाद न मिळाल्यामुळे आपणांस तपासणीची आवश्यकता नाही असे समजून आपले नाव कमी करण्यात येत आहे.’ अहो, मी अनोळखी नंबर उचलत नाही! ओळखीचाही उचलत नाही, आधी काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतो आणि मग उलट फोन करतो, तोवर समोरचा माणूस दुसऱ्या गावाला पोचलेला असतो. आणि हे त्यांच्याच फॉर्ममध्ये लिहिलं होतं, नववा प्रश्न, ‘फोनवर बोलणे टाळता का’, त्यात मी ‘अनेकदा’चा गोल इतका गडद केला होता की कागद फाटला होता! फोन टाळतो का हे तपासायला तुम्ही फोन करता, मी टाळतो, तर तुम्ही म्हणता, बरा दिसतोय? त्या दिवशी मात्र रागाने माझे कान तापले. बायको म्हणाली, "जाऊ दे ना आता." म्हटलं, नाही! आठ महिने गेले, अजून आठ जाऊ देत, मला खरं काय ते कळल्याशिवाय मी मरणार नाही. ती म्हणाली, "बरं, निदान जेवून जा."

गेलो थेट खिडकीवर. बाई म्हणाल्या, "पुन्हा नोंदणी करावी लागेल." म्हटलं, करा. "ती फोनवरच होते." म्हटलं, मी समोर उभा आहे! "हो, पण पद्धत फोनची आहे." आता? पाच मिनिटं जिराफाजवळ उभा राहिलो. मग खिशातून कागद काढला, त्यावर लिहिलं, आणि खिडकीपासून दोन मीटरवर उभा राहून नंबर लावला. आत घंटा वाजली. बाईंनी उचलला. काचेतून मला बघतायत आणि कानात बोलतायत, आवाज दोन्हीकडून येतोय, आधी काचेतून आणि मग फोनातून! "हॅलो?" मी कागद वाचला, "नमस्कार. माझं तपासणीचं नाव कमी झालं आहे, ते पुन्हा घालायचं आहे." "बोला, तारीख कुठली देऊ?" आता माझ्या कागदावर पुढची ओळ होती, ‘मी बरा आहे, तुम्ही कशा आहात?’ मी तीच वाचली! काचेतून माझ्याकडे बघतच राहिल्या. आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, "बरी आहे हो. आज पहिल्यांदाच कुणी विचारलं." आणि माझ्या फाइलवर लाल शाईने लिहिलं, ‘याला फोन करू नये.’ आणि तारीख दिली. त्या बाईंना मी माफीच्या यादीत घेतलं होतं, तिथून काढलं आणि आभाराची नवीन यादी केली.

तारखेला आईला घेऊन या म्हणाले, लहानपणाची माहिती लागते. आई अठ्ठ्याहत्तरची. ती ठरवूनच आली होती, की आपल्या मुलाला काही होऊ द्यायचं नाही. डॉक्टरबाईंनी विचारायच्या आधीच सुरू! "काही नव्हतं हो याला! इतकं शहाणं पोर! बटणांचा डबा दिला की चार चार तास रंगाप्रमाणे रांगा लावत बसायचा, हूं की चूं नाही. पाहुणे आले की आपला आपण कपाटात जाऊन बसायचा, कुणाच्या मधेमधे नाही. पांढरं सोडून काही खायचा नाही, म्हणजे कपड्यांवर डाग नाहीत! चिंधीचा एक तुकडा होता, तो हुंगल्याशिवाय झोपायचा नाही, अगदी लग्न होईपर्यंत..." आई! म्हटलं, आई, पुरे! डॉक्टरबाईंचं पेन इतकं पळत होतं, तीन पानं भरली. आई म्हणते, "एवढं लिहिताय काय? मी तर म्हणतेय, काहीच नव्हतं!"

मग त्यांनी विचारलं, "आणि शाळेत?" तेव्हा आई म्हणाली, "एकदा शाळेच्या कार्यक्रमात टाळ्या सुरू झाल्या, आणि हा स्टेजवरच कान दाबून खाली बसला. सगळ्यांच्या देखत. घरी आणून मी मारलं याला. मुद्दाम करतो म्हणून." मला ते मारणं आठवतही नव्हतं. टाळ्या मात्र आठवत होत्या.

त्यानंतर तीन बैठका झाल्या, आणि चौदाव्या महिन्यात पत्र आलं, पत्रच आलं, फोन नाही. सहा पानी. हो. आहे. जन्मापासून आहे. खाली सही, शिक्का. मी स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं आणि लहान पोरासारखा रडलो. बायकोही रडली, म्हणाली, "त्या चपलांचं मी उगीच बोलले रे तुला." एकेचाळीस माणसांची यादी फाडून टाकली. सगळी नाही, तीन जण ठेवले, त्यांच्याशी मी खरंच मुद्दाम वागलो होतो.

मग पत्र आईकडे नेलं. तिने चष्मा लावला, सहाच्या सहा पानं वाचली. मग म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी मी तुला उगीच मारलं." मी म्हटलं, "हो." बायकोने मला कोपराने ढोसलं, पण खरं ते खरं ना? आईने माझा हात धरला. मला हात धरलेला आवडत नाही, पण मी सोडवला नाही. चार मिनिटं. मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, "बरं, यावर औषध काय दिलंय?"

"औषध नसतं आई याला."

"ऑपरेशन?"

"नाही."

"म्हणजे तू आहेस तो असाच राहणार?"

"असाच."

"अरे, मग असंच राहायचं होतं, तर चौदा महिने तिकडे हेलपाटे कशाला घातलेस? घरी बसूनसुद्धा असाच राहिला असतास की!"

...आता तुम्हीच सांगा, यात चुकीचं काय आहे? म्हटलं, आई, तुझं म्हणणं बरोबर आहे.