दत्तूची हजेरी

मंडळी, वहिनी, मॅडम... बसा, सगळे खाली बसा. मागच्यांना जरा जागा द्या रे.

मला बोलायला उभं केलंय. मी हमालांच्या टोळीचा मुकादम, माझं बोलणं म्हणजे ओरडणं. दाणाबाजार मुंबईहून इकडं आला तेव्हापासून ओरडतोय. सांभाळून घ्या.

आपला दत्तू गेला. काही जण मला म्हणाले, त्यानं जीव दिला असं बोलू नका, आजारानं गेला म्हणा. मी दोन्ही म्हणतो. त्यानं स्वतः जीव संपवला, आणि तो आजारानंच गेला. मॅडम, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत.

वहिनी, तुमचा नवरा इकडं, तुम्ही गावाकडं, तुम्हाला माहीत नसंल. या मॅडम मनाच्या डॉक्टर. आम्हा हमालांत संशोधन करतात. कोण किती पितो, झोप लागते का, मन कशात लागतं का, सगळं फॉर्मवर लिहून घेतात. माणूस आधी उदास होतो का आधी दारू धरतो, ते त्यांना शोधायचंय. पहिल्या दिवशी दत्तू म्हणाला, "मॅडम, प्यालो की उदास वाटत नाय, म्हणून तर पितो. लिवा!" आम्ही पोट धरून हसलो. मॅडम हसल्या नाय. त्यांनी लिहिलं.

आणि गड्यानं सोडली की हो! आठ महिने थेंब नाय. टोळीनं नारळ फोडला. मॅडम तेव्हा म्हणाल्या होत्या, "मुकादम, दारू सुटली, पण उदासी गेलेली नाही. आता जास्त लक्ष द्या." या कानांनी ऐकलं मी.

मग दत्तू कामावर यायचा थांबला. जुईनगरला रूमवर गेलो, तर भिंतीकडं तोंड करून पडलेला. म्हणाला, "अण्णा, अंगात ताकद हाय, पण उठवत नाय." मी म्हणलं, पड बाबा, टोळी बघून घेईल.

आणि टोळीनं बघून घेतलं. आमची रीतच हाय ती. एक जण आला नाय तर त्याची पोती बाकीचे उचलतात. सकाळी मी नाव घेतलं की त्याच्या जागी दुसरा ओ देतो, "हजर!" म्हणजे त्याची हजेरी बुडत नाय. माझा बाप गेला तेव्हा तेरा दिवस नावं दुसऱ्यानं घेतली, आणि माझी ओ यांनी दिली. लई अभिमान हाय आम्हाला त्याचा. दत्तूसाठी तीन आठवडे दिली. रोज.

त्यातच मॅडम फॉर्म घेऊन आल्या. विचारलं, "दत्तू कामावर येतो का?" मी म्हणलं, रोज. "जेवतो?" दोन माणसांचं. "बोलतो, हसतो?" त्याच्याइतकं कोण हसतंय! वहिनी, तुमचा फोन आला, तुम्हालाही तेच सांगितलं. टेन्शन घेऊ नका, मजेत हाय.

का बोललो मी असं? वाटलं, खरं सांगितलं तर वेड्याचा शिक्का बसेल. टोळीतनं नाव जाईल. मी त्याचं नाव वाचवत होतो हो. नाव वाचलं. माणूस गेला.

मॅडम, परवा तुम्ही रडत म्हणालात, "मी रूमवर जायला हवं होतं." नाय मॅडम. तुम्ही विचारलं होतं. त्या कागदावर खोटं लिहिलंय ते माझं हाय. दत्तूचं नाय. माझ्या नावावर लिहा.

वहिनी, तुमच्याकडं माफी मागायला मला तोंड नाय.

आणि तुम्ही पोरांनो, ऐका. मॅडम परत येणार. येणार ना हो मॅडम?... मान हलवली त्यांनी. तर उद्यापासून जे हाय ते सांगायचं. एकमेकांची पोती उचला, जन्मभर उचला. पण कोण पडून हाय ते लपवू नका.

आता उभे राहा. ते दोन मिनिटं शांततेचं बोलणं मला जमत नाय. मी रोजच्यासारखी नावं घेतो. दत्तूचं नाव शेवटी घेईन. त्याला कुणीही ओ द्यायची नाय. सवयीनं तोंडावर येईल, माझ्याही येईल. दाबून धरा. मी "बसा" म्हणेपर्यंत तसंच उभं राहायचं.

किसन.

बाबू.

हणमंत.

दत्तू.