शाळा आणखी एक वर्ष खालीच राहू द्या

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान शिक्षणाधिकारी साहेब, शाळा समितीचे सन्माननीय सदस्य, माझे सहकारी, पालकवर्ग, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या आमच्या वाचनाच्या बाई,

मुख्याध्यापक या नात्याने मी दोन शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली आहे. ती मी पाळतो.

राज्याच्या शाळा-क्रमवारीत आपली ही सरकारी शाळा तीन वर्षांपूर्वी तळाच्या गटात गेली. त्या संध्याकाळी मी पत्नीला सांगितले, "शाळेची कामगिरी असमाधानकारक आढळली आहे." ती म्हणाली, "अहो, नापास झालो म्हणा की! घरात तरी परिपत्रक वाचू नका." आपण हसलात, बरे झाले. तिला आवडले असते.

तळाच्या शाळांना राज्याकडून जादा शिक्षक मिळतो, म्हणून बाई आल्या. त्यांनी असे वेगळे काय केले? मागे पडलेल्या मुलांना भिंतीकडेला घेऊन बसल्या आणि शब्दाखाली बोट धरून वाचून घेतले. रोज. यंदा शाळा तळातून वर आली आणि साहेबांच्या हस्ते आत्ताच हे मानचिन्ह मिळाले. वर आलेल्या शाळेची मदत थांबते, असा नियम आहे. म्हणून हा निरोप.

मागच्या आठवड्यात मी बाईंच्या दाराशी उभा होतो. चौथीतली एक मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणतात, झरझर वाचत होती. बाईंनी बोट उचलले. ती थांबली.

"बाई, बोट काढू नका ना. शब्द पळतात."

"पळू देत. तू पकड."

"तुम्ही पकडा, मी वाचते."

परीक्षेत ही मुलगी उत्तीर्ण आहे. परीक्षेच्या दिवशी बाई शेजारी होत्या, आणि नियमात ते बसते.

इथे एक खाजगी गोष्ट सांगणे औचित्याला धरून होईल का? मला ठरवता येत नाही, तेव्हा थोडक्यात सांगतो. हिवाळ्यात माझी पत्नी अतिदक्षता विभागात होती. तिचे आकडे सुधारले. डॉक्टरांनी माझे अभिनंदन केले आणि तिला साध्या खोलीत हलवले. यंत्रे काढली, उशाशी असणारी परिचारिका दुसऱ्या रुग्णाकडे गेली. मी सर्वांचे आभार मानले. पुढचे आपणांस ठाऊक आहे, आपण सारे आला होतात. मी कोणालाही दोष देत नाही. आकडे खरेच सुधारले होते.

आपल्या शाळेचेही खरे आहेत.

म्हणून काल मी फेरतपासणीचा अर्ज दिला. शाळेला आणखी एक वर्ष तळाच्या गटात ठेवावे, अशी त्यात विनंती आहे. आज सकाळी साहेबांच्या कार्यालयातील लिपिकांचा फोन आला. "सर, अर्ज उलटा झालाय. लोक वर चढवा म्हणून भांडतात, तुम्ही खाली ढकला म्हणताय! बरं आहे ना तुम्हाला?"

"बरे आहे," मी म्हणालो.

"पेपरात नाव येईल शाळेचं. तुमचंही."

"येऊ द्या."

पालकांना याचे वाईट वाटेल, हे मी जाणतो. आपली मुले पुन्हा तळाच्या शाळेतली म्हणवली जातील. त्याची जबाबदारी माझी. हे मानचिन्ह मी साहेबांसमोर ठेवतो. घरी नेऊन दाखवावे असे आता कोणी नाही, पण परत करण्याचे कारण ते नव्हे.

फेरतपासणीचा निकाल लागेपर्यंत जुनाच गट कायम राहतो, आणि जादा शिक्षकही. साहेब, हे कलम आपल्याच परिपत्रकातले आहे. बाई, उद्या चौथीचा पहिला तास आपलाच आहे.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकले, मी आभारी आहे. बोलण्यात काही उणे-अधिक झाले असेल, ते पोटात घालावे. निरोप देण्यासाठी उभा राहिलो आणि तो दिला नाही, हेही.