आधी चुका, मग बातम्या

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी समोरच्या बाईंचा आवाज ओळखला.

"तुम्ही राष्ट्रीय रेडिओवर बातम्या देता ना? आम्ही ऐकणं सोडलं."

"साहजिक आहे, आजी. वरून येईल तेच वाचावं लागायचं. तसं वाचायला लावणारे संचालक बदलले आता."

"नवे तरी धड आहेत?"

"त्यांचा नियमच आहे, आधी कालच्या चुका सांगायच्या, मग बातम्या."

"अगंबाई!"

"परवा पूल पूर्ण झाला म्हणून सांगितलं, तो निघाला अर्धाच. 'दुरुस्ती नको,' असा मंत्र्यांचा फोन आला. मी ती दुरुस्ती वाचलीच."

"मग? नोकरी?"

"शाबूत आहे. नवे साहेब म्हणाले, 'दुरुस्ती जरा आणखी सावकाश वाचा.'"

"आमच्या ह्यांनी उभ्या संसारात एक चूक कबूल केली नाही. किती वाजता असतात हो बातम्या? ह्यांना शेजारी बसवूनच ऐकते!"