मामांचं स्टूल

हां हां हां, तिथे नाही! सोड, आधी सोड ती. खुर्ची अशी पाठीला धरून उचलतात का रे? निखळली म्हणजे जाशील घरी नुसती पाठ घेऊन. खाली वाकायचं, बैठकीखाली दोन्ही हात घालायचे आणि मग अलगद उचलायचं, तान्हं मूल उचलतात तसं. आणि मुळात तुला उचलायची होती कशाला? — सरकवत होतास? सरकवायची तर मुळीच नाही! सांधे ढिले होतात तिचे. तू आपला तिथे दाराशी, पायपुसण्यावर उभा राहा कसा. बूट काढलेस ना? शहाणा आहेस, आईवर नाही गेलास. वन्सं आल्या की पहिलं काम काय, तर बूड टेकायचं. आल्या की टेकलं! पर्स टेबलावर, चष्मा टेबलावर, आणि वर म्हणणार, "वहिनी, काळोख किती गं तुझ्या घरात!" अगं बाई, काळोख आहे म्हणून तर लाकडाचा रंग शाबूत आहे. ऊन लागलं की शिसवी लाकूड फिकं पडतं, धुवून धुवून विटलेल्या परकरासारखं दिसायला लागतं. पण हे सांगायचं कोणाला? त्यांच्या घरी खिडकीत सोफा, सोफ्यावर ऊन, उन्हात मांजर. असो, मला काय करायचंय.

बरं, काय काय न्यायला पाठवलंय मामांनी? परत एकदा सांग, नीट ऐकू दे मला. कपड्यांची बॅग — ती भरून ठेवलीय, ती बघ तुझ्या पायाशी. रेडिओ — ने बाबा, नाहीतरी नुसता घरघरतो. आणि? — स्टूल! स्वयंपाकघरातलं लाल प्लॅस्टिकचं स्टूल! वा, धन्य आहेत तुझे मामा! एवढा संसार झाला, घरात एकेक वस्तू अशी की लोक बघायला येतात, फोटो काढून नेतात — आणि हा माणूस मागून मागून मागतो काय, तर प्लॅस्टिकचं स्टूल! अरे, दुकानाबाहेर एकात एक घालून मनोरे रचलेले असतात त्यांचे. नवं घ्या की! — नाही, तेच हवं. सवयीचं आहे म्हणे. अरे, बायकोही सवयीचीच होती की! ती नाही आठवली न्यायच्या सामानात? — नको, तू उत्तर नको देऊस. तू बिचारा निरोप्या. पण निरोप्यानेही जरा लाज बाळगावी असला निरोप आणताना.

ये, आलाच आहेस तर दाखवते तुला. तुझ्या मामांनी जन्मात धड बघितलं नाही, तू तरी बघ. हात मागे बांध. हं, अस्से. मी लिलावघरात कारकून होते, माहितीय ना? लोकांची घरं मोडायची, सामान आमच्याकडे यायचं, मी त्याला नंबर चिकटवायचे. ज्याला कोणी विचारत नसे ते मी घरी आणायचे. हे कपाट बघ. खण काढते बाहेर — मी काढते, तू नाही! — हा कोपरा बघ, लाकडाचे दात एकमेकांत कसे अडकवलेत. एक दात जाड, एक बारीक, हा तर चक्क वाकडा. म्हणजे हाताने कापलेत. यंत्राचे असते तर सगळे एकसारखे, कवायतीला उभे केल्यागत. आणि मागची बाजू बघ, खडबडीत, रंधासुद्धा नाही फिरवलेला. भिंतीकडे जाणाऱ्या बाजूवर जुना सुतार कशाला घाम गाळेल? मागूनही चकचकीत दिसलं की समजायचं, कालचं पोर आहे. आणि हे टेबल. गोल दिसतंय ना? माप लाव, गोल नाहीच. लाकूड आडवं आक्रसतं, उभं नाही आक्रसत, म्हणून जुनं गोल टेबल हळूहळू किंचित लांबट होतं. खरेपणाची खूण आहे ती! मी हे मामांना कौतुकाने सांगायला गेले, तर म्हणतात कसे, "म्हणजे तुला फसवलंन की, गोल सांगून लांबट गळ्यात मारलं!" डोकं आपटून घ्यावंसं वाटलं रे मला. टेबलावर नाही, भिंतीवर.

हसतोस काय? सगळं जग असंच भरलंय. एक दुकानदार आला होता इथे, ऐटीत किडीची भोकं दाखवत होता — "बघा बाई, किती जुनं!" मी केसातली पिन काढली, घातली एका भोकात. सरळसोट आत गेली. म्हटलं, अहो, किडा काय ओळंबा धरून चालतो का? किडा खातो तो वाकडातिकडा. ही तुमच्या ड्रिलची करामत आहे. तोंड बघण्यासारखं झालं त्याचं. आणि ही शेजारीण! आजेसासऱ्यांचं लिहायचं मेज तिच्याकडे, पिढ्यान् पिढ्या हात फिरून असा मऊ काळसर रंग चढलेला, की नुसतं बघत बसावं. बाईने तो सँडपेपरने खरवडला आणि वर फासलं वॉर्निश. मला बोलावून दाखवते, "कसं नव्यासारखं झालं ना?" म्हटलं, हो, आता नव्याच्याच भावात जाईल. तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी. बरंच झालं. अरे, करायचं असतं ते किती थोडं! मऊ कोरडं फडकं, वर्षाकाठी एकदा मेणाचा पातळ हात, ओलं काही नाही, ते फुसफुसणारे फवारे तर नाहीच नाही. आणि हात लावायचा नाही. एवढं एक पाळलं की लाकूड तुम्हाला मला पुरून उरतं.

आता सगळ्यात मोठी खूण सांगते, ही कोणी सांगणार नाही तुला. ही हातांची खुर्ची बघ. हाताच्या टोकाशी बघ, कशी गुळगुळीत झालीय — माणूस उठताना तिथे तळवा टेकतो. पुढची खालची पट्टी बघ, मधोमध खोलगट — टाचा घासून घासून. नकली करणारे गाढव सगळीकडे सारखं घासतात. खरी झीज कुठे असते? माणूस बसतो तिथेच. कोणीतरी रोज संध्याकाळी येऊन हिच्यात बसलंय, पाय आत ओढून घेतलेत, कोणाशी तरी गप्पा मारल्यात, तेव्हा कुठे ही अशी झाली. — काय म्हणालास? — मग आता इथे का कोणी बसत नाही? अगदी मामांचा भाचा शोभतोस! अरे, झाली ना ती झीज! जेवढी व्हायची तेवढी होऊन गेली. यापुढची झीज म्हणजे नुकसान. म्हणून तर दोऱ्या बांधल्यात. ह्या हातापासून त्या हातापर्यंत, सगळ्या खुर्च्यांना. सुती बांधल्यात, नायलॉनने चरे पडतात.

मामा कुठे बसायचे म्हणजे? स्वयंपाकघरात बसायचे, ओट्याशी, स्टुलावर. वाईट काय त्यात? तव्यावरचं ताटात, गरमागरम. आणि कंडक्टरकी केलेला माणूस, अख्खी नोकरी बसमध्ये उभ्याने काढलेली. सवय असते अशा माणसाला. पाय सुजायचे, नाही म्हणत नाही मी. कोमट पाण्यात मीठ घालून मीच द्यायचे, वन्संनी नाही दिलं. रिटायर झाले त्या दिवशी हार घालून घरी आले, इथे, तू उभा आहेस तिथेच उभे राहिले आणि म्हणाले, "काय बाई, आता तरी सीट मिळणार का आम्हाला?" मी म्हटलं, "पुढे सरका, पुढे सरका!" काय हसलो होतो आम्ही! — तेही हसले होते. हसले होते रे, मला चांगलं आठवतंय. हार तसाच गळ्यात घेऊन आत गेले स्टुलावर बसायला.

आणि तुझ्या आईने काय सांगितलंय तुला? मी ढकललं? नाही ना? मग काय सांगितलंय? थांब, मीच सांगते, उगाच तिखटमीठ नको. मी इथे खाली बसून टेबलाला मेण लावत होते. हे आतून आले, म्हणाले, गरगरतंय मला. मी म्हटलं पडा जरा. तेवढ्यात झोक गेला त्यांचा, आणि हात पुढे आला तो ह्या खुर्चीवर. ह्याच. आणि माझ्या तोंडून निघून गेलं — "हात!" बस. एवढंच बोलले मी. "हात!" नुकतं डोक्याला तेल चोपडून आले होते, बोटं नुसती निथळत होती. कोणाच्याही तोंडून निघालं असतं! आणि ह्यांनी तो हात सोडला की रे! पक्का धरलेला होता, सावरलेच होते जवळजवळ, आणि सोडला. एवढं कोणी ऐकतं का बायकोचं? दिवे मालवा — ऐकलं नाही. डॉक्टरांना दाखवा — ऐकलं नाही. ओला टॉवेल वाळत घाला — जन्मात ऐकलं नाही. आणि नेमकं हे ऐकलं! आडवे झाले. टेबलाच्या पायावर कपाळ आपटलं, खोक पडली. टेबलाला काही नाही झालं. — अरे, तसं नाही म्हणायचंय मला! असं काय बघतोस? मी मामांकडेच बघितलं आधी. टेबलाकडे नंतर. हे कोणी सांगितलं तुझ्या आईला, मामांनीच ना? वा रे वा! पडलेल्या माणसाला रक्त पुसायचं सोडून बायको कुठे बघतेय ते बरं दिसलं!

आणि मग दवाखान्यातून परस्पर बहिणीकडे. विश्रांतीला म्हणे. एवढी विश्रांती असते का कधी? मी आले होते ना भेटायला, तू कामाला गेला होतास. तर स्वारी सोफ्यावर, पाय वर घेतलेले, मांडीवर मांजर, शेजारी कप — त्याच्याखाली बशीसुद्धा नाही! आणि चेहरा असा, की मी लग्नात बघितला होता तसा. मला म्हणाले, "ये, बस ना." मी उभीच राहिले. वन्संनीही दोनदा म्हटलं. मला नाही जमत असं कुठेही बसायला. फोमचा सोफा, बसलं की माणूस आत जातो. त्या गचाळ सोफ्याने माझा नवरा पळवला, ह्याचंच हसू येतं मला. दुसरी बाई असती तर निदान सांगायला तरी बरं वाटलं असतं.

हं. तर ऐक आता. ते स्टूल राहू दे. ही खुर्ची ने. — अरे, खरंच म्हणतेय, ही! हिची दोरी सोडलीय मी, दिसत नाही का तुला? गाठ सुटेना, शेवटी कात्री लावली. मामांना सांगायचं, मामीने दिलीय आणि मामी म्हणाली, बसा. तेलकट हाताने बसा, पाय वर घेऊन बसा, चहा घ्या हिच्यात बसून. चहा — बरं, चहासुद्धा. सांडला तर सांडला. पांढरा डाग पडला तर कसा काढायचा ते मला येतं, त्यांना काय करायचंय? आणि तिथे ठेवायला जागा नसेल तर म्हणावं इथे या आणि इथे बसा. मी पडदा सरकवते. रोज नाही, पण सरकवते. तू नीट सांग हे सगळं, तुझ्या भाषेत सांगू नकोस, तुम्ही हल्लीची मुलं दोन शब्दांत उरकता. धर, खालून धर. मी दार उघडते.

का रे? उभा का राहिलास? — टेंपोत जागा नाही? बॅग आणि रेडिओच तर आहे, खोटं कशाला बोलतोस? तोंड सांगतंय तुझं. — मामांनी काय सांगितलंय? — मामी खुर्ची देईल म्हणाले होते? आधीच? त्यांना माहीत होतं मी देणार ते? बघ, ओळखतात बरं मला! आणि? पुढे काय म्हणाले? बोल की, मी काय खाते का तुला? — "खुर्ची आणू नकोस. ती आली की तिच्यामागून मेणाचा डबा घेऊन मामीही येईल."

असं म्हणाले.

हसत म्हणाले की असंच? — असंच. बरं.

बरं बरं. नाही, मला काही नाही झालं, पाणीबिणी नको. ठेव ती खुर्ची. जागेवर ठेव, तिरकी नको. दोरी दे इकडे ती. आणि तू कुठे निघालास? — स्वयंपाकघरात नाही! थांब! ठेव ते खाली. स्टूल ठेव म्हणते ना! नाही मिळणार. मामांचं असेल, नाहीतर आणखी कोणाचं असेल, मी नाही देत. सांग जाऊन, मामीने नाही दिलं. कोर्टात जा म्हणावं स्टुलासाठी. — कारण? कारण कशाला हवंय तुला? — अरे, तेवढं एकच आहे घरात! ते नेलंस तर मी बसू कुठे?

इकडे तिकडे काय बघतोस? मलाही दिसतायत. उचल ती बॅग आणि नीघ.